करीवरचं घर

मुंबई
११ नोव्हेंबर

बाबुराव मामा,

समोर असतो तर वाकलो असतो आणि तुम्ही पाय मागे घेतले असते. म्हणून लांबूनच नमस्कार.

वर पत्त्यात नुसतं मुंबई लिहिलंय. पुढचं मुद्दाम सोडलंय, कारण पुढचं तुम्हाला चालत नाही असं रामूकडून कळलं. तुमचा पुतण्या म्हणून तो तुमची बाजू घेतो आणि माझा दोस्त म्हणून मला सगळं सांगतो. तुमचा आवाज काढून त्याने ऐकवलं, "करीच्या दिवसाक कोण उंबरो ओलांडना नाय, आणि ह्येंनी करीरच संसार मांडल्यानी!"

मामा, करी रोड हे स्टेशनचं नाव आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची करी, शिमग्याची करी, त्या अपशकुनी दिवसांशी याचा काही संबंध नाही. म्हणजे नसावा. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस, खात्रीने काय सांगणार? पण इथे रोज एवढी माणसं उतरतात, कोणाच्या तोंडावर अपशकून झाल्यासारखं दिसत नाही. घाई झाल्यासारखं दिसतं.

फोन तुम्ही कट करता, म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण रामू म्हणाला, पोस्टमनने हातात दिलेलं तुम्ही न वाचता फाडत नाही.

तुमची लेक मनवा बरी आहे. जेवते. गावात दोन भाकऱ्या खायची, इथे एका चपातीवर आहे, तो हवेचा फरक असेल. खोली जुन्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर आहे. खिडकी आहे. समोर टॉवर आहे, त्याच्या मधल्या मजल्यावर झाडं लावलीत. मनवा म्हणते, माडी सोडून मधेच परस काढलेला घर पहिल्यांदाच बघितलंय. मी रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. काम चांगलं आहे. कुठे जाणार नाही. सध्या तरी तसंच धरून चाला.

लिहायचं कारण जत्रा. जत्रेला ओट्या भरायला सुरुवात व्हायच्या आधी तुम्ही सभामंडपात उभे राहून गाऱ्हाणं घालता, ते मी लहानपणापासून खांबाला टेकून ऐकलंय. तुमच्यासारखा आवाज मी नंतर कुठेच ऐकला नाही, आणि मी गोव्यापासून भिवंडीपर्यंत कामं केलेला माणूस आहे. एकेका घराचं नाव घेता, मग बाहेरगावी गेलेल्या चाकरमान्यांना घेता, कोण कुठे राहतो ते देवाला सांगता, आणि अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. 

त्यात या वर्षी मनवाला घ्या. एवढंच मागणं. तुम्ही म्हणालात म्हणे, "देवासमोर करीचा नाव मी काढूचंय नाय." ते ऐकल्यापासून ती या खोलीला घर म्हणत नाही. "हय" म्हणते. हय पाणी नाय इला, हय ऊन येता. गाऱ्हाण्यात नाव आलं नाही तर मी देवाच्या हिशेबी खंयचीच नाय, असं तिचं म्हणणं.

मी तिला समजावतो. पण मला समजावता येत नाही, माझं नाव कुठल्याच गाऱ्हाण्यात कधी नव्हतं. मामाकडे वाढलेला भाचा बापाच्या गावाचा धरतात, आणि बापाच्या गावात आमचं दार कधीच पडलं. मला सवय आहे. तिला नाही.

शिवा

लालबाग, मुंबई
१८ नोव्हेंबर

मामा,

पत्र वाचलंत आणि घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवलंत असं रामूने कळवलं. चुलीत नाही ठेवलंत. मी खूश आहे.

या वेळी वर लालबाग लिहिलंय. त्याचं असं झालं.

काल रविवार. वखार बंद. मनवा चहा ओतता ओतता बोलली, "ज्या गावात ऱ्हवतंव, त्या गावाची शीम खंय आसा ता तरी बघूया." इथे आल्यापासून ती नळ, जिना आणि कोपऱ्यावरचा वाणी याच्यापलीकडे गेलेली नव्हती. मला तर फिरायचं म्हटलं की चपला आधीच पायात असतात. यावरूनच तुमचं आणि माझं बिनसलं, ते जाऊ दे.

मी म्हटलं, हद्द बघू, आणि बघता बघता एखादं बरं नाव मिळतं का तेही बघू. आमच्या खोलीच्या आजूबाजूला इतकी नावं आहेत की ज्याला जे शोभेल ते त्याने सांगावं. चाळवाले लालबाग सांगतात, टॉवरवाले सगळ्यालाच लोअर परेल सांगतात. आपण एक चांगलं निवडू, मामांना कळवू, मामा ते देवाला सांगतील. मिटलं. तिला पटलं. निदान निघाली तरी. लग्नातली अंजिरी साडी नेसली. चाळीच्या जिन्यावरून ती उतरत होती तेव्हा खालचे दोघे कॅरम खेळायचे थांबले. तुमची मुलगी आहे मामा, सांगायचं काय.

चिंचपोकळी पहिल्या झटक्यात बाद. "चिंचेत कोण ऱ्हवता ता माहीत आसा मां तुका?" काळाचौकी नुसती ऐकूनच बाद. मी म्हटलं दादर? तर बोलली, "दादर म्हणजे जिनो. जिन्यार कोण ऱ्हवता?" मी मनात म्हटलं, हिच्या बापाने एका करीवर नाक मुरडलं, ही त्याच्या पुढची निघाली.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत शिरलो. मामा, ही गल्ली तुम्ही एकदा बघाच. दोन्ही बाजूंना मिरच्यांचे ढीग, एवढे लाल की बघूनच घाम येतो, आणि आत मसाला कुटायचे डंख चालू, धाड धाड. मुंबईच्या बायका यादी घेऊन येतात, उभ्या राहून भाजून घेतात, कुटून घेतात, तिथल्या तिथे चिमूट तोंडात टाकून "धने कमी पडले" सांगतात. मनवाला सटासट शिंका. तिथली म्हातारी बाई गिऱ्हाईक सोडून बघायला लागली.

"खंयची गो तू?"

"वेंगुर्ल्याकडची."

"आणि मिरचेक शिंकतंस? गावाचा नाव बुडवलंस!"

मनवा एवढी हसली की पदर तोंडात घालावा लागला. इथे आल्यापासून ती असं हसली नव्हती. त्या बाईने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. उठताना मनवा मला हळूच बोलली, "लालबाग नाव बरा आसा. लाल रंग देवीचो." म्हणून आजच्यापुरतं वर लालबाग, संध्याकाळी काय झालं ते ओघाने येईल.

मग परळवरून चालत दादरला. फुलबाजारात तिने झेंडू बघितला नाही, शेवंती बघितली नाही, एक पान विकणारी बसलेली तिच्याकडे गेली आणि विचारलं, "हळदीची पानां काय दरान?" दर ऐकून कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "आमच्या परसात ती गुरां तुडवतत!" पानवाली पण कच्ची नव्हती. "मग गुरांनाच बोलव ना विकायला." दोघी हसल्या. घासाघीस झाली नाही, पण एक पान फुकट मिळालं. ते नाकाला लावून ती शिवाजी पार्कापर्यंत चालली. तिथे ते एवढं मोकळं मैदान, एका वेळी किती क्रिकेट चाललेत त्याचा पत्ता नाही, कोण कोणाचा बॉल पकडतोय देव जाणे. ती कठड्यावर बसून बघत राहिली आणि बोलली, "एवढी जागा आणि कोण भात लावीत नाय?" बाजूला एक आजोबा बसलेले पेपर वाचत. ते पेपर खाली घेऊन म्हणाले, "बोलू नकोस मोठ्याने, बिल्डर ऐकेल."

चौपाटीवर गेलो. समुद्र ओहोटीला होता, लांब तो पूल दिसत होता दोऱ्या ताणल्यासारखा. मी शाळेत नकाशा बघितलेला, त्यात मुंबई आपल्या डोक्यावर. वाळूत काढून दाखवलं, इथे आपण, खाली सरळ रेघ मारली की वेंगुर्लं. तिने चप्पल काढून पाण्यात पाय घातला आणि पाण्याला सांगितलं, "खाली जातंस तर बाबांका सांग, मी बरी आसंय म्हणान."

हे लिहू नको म्हणाली होती. लिहिलं.

जेवायला बोलावणं होतं ॲलॉयशियस अंकलकडे. ते आमच्या वखारीत करवतींना धार लावतात. मूळ मुंबईचे ख्रिस्ती. कोळी, आगरी, आणि हे, आमच्या आधी इथे फक्त समुद्र, असं ते सांगतात. घर रे रोडच्या पुढे, माझगावच्या गल्लीत. बसमध्ये मनवाने पाटी वाचली आणि मला कोपर मारलं. "रे रोड? मगे गो रोड खंय आसा?" पुढचा कंडक्टर वळून बघायला लागला.

वखारीत ट्रक लागलाय, हाक आली. बाकीचं उद्या.

शिवा

करी रोड, मुंबई
१९ नोव्हेंबर

मामा,

वरचं वाचून पत्र खाली ठेवू नका. पुढे कारण लिहिलंय.

ॲलॉयशियस अंकलचं घर लाकडी आहे, वर कौलं, पुढे पडवी. मनवा दारातच थबकली. आपल्याकडचं घर उचलून आणल्यासारखं. त्यांची बायको बेट्टी आंटी बाहेर आली आणि तिने मनवाला सरळ चुलीपाशी नेलं. त्यांचा मसाला बाटलीत भरून ठेवतात, बिअरच्या जुन्या बाटल्या, ठासून. मनवाने वास घेऊन कुठले जिन्नस ते मोजायला सुरुवात केली. अर्ध्यावर अडली. आंटी खूश. "अडलीस ना? सासूने मला लग्नानंतर चार वर्सांनी सांगितलं. तुला मी एवढ्यात नाय सांगनार."

जेवताना मी नावाची भानगड सांगितली. अंकल काटा खाली ठेवून म्हणाले, "करी म्हणजे करीदिन नाय रे बाबा. रेल्वेचा कोणी गोरा साहेब होता, त्याचं आडनाव, असं आमचे पपा सांगायचे."

आंटीने तोंडावर हात मारला. "साहेब? मी एवढी वर्सं समजते मासळीची करी! वाटायचं गिरनीवाल्यांसाठी तिथे लई चांगली कढी मिळत असनार!"

अंकल म्हणाले, "चाळीस वर्षं या बाईने मला कढी खायला घातली ती उगाच नाही." आंटीने त्यांच्या ताटातला मासा उचलून माझ्या ताटात टाकला. "ह्या पोराला कदर आहे."

मग मनवाने विचारलं, "तुमच्या गल्लीचो राखणदार कोण?" अंकलना कळेना. मी समजावलं, आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, दिसत नाही, पण तो फेरी मारतो, सांभाळतो. मग ते उठले आणि पडवीतून दाखवलं. गल्लीच्या तोंडाला दगडी क्रूस आहे, झेंडूची माळ घातलेला. प्लेगच्या वेळी लोकांनी ठिकठिकाणी असे क्रूस उभे केले, हा पण त्यातलाच, असं म्हणाले. मनवा खाली उतरली, चप्पल काढली, हात जोडले. माळेतलं फूल खाली पडलेलं ते उचलून परत ठेवलं. मागून आंटी मला म्हणाली, "चांगली पोरगी आहे. कुठून पळवलीस?" मी म्हटलं, पळवली नाही, ऑफिसात सही करून लग्न केलंय. ती म्हणाली, "तेच ते."

निघताना आंटी मनवाला सांगत होती, "कुरिअरवाल्याला बरोबर पत्ता दिला तरी माझं पार्सल मागच्या गल्लीत देतो. तो मागच्या गल्लीतला माझी चादर वापरतो. मी बघितली वाळत घातलेली." मी हसलो. मनवा नाही हसली.

करी रोडला परत आलो, तर ती पुलावर थांबली. खाली रूळ, एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला आमची चाळ, मधे गिरणीची एक चिमणी उरलेली. ऊन उतरत होतं, तिच्या साडीचा रंग चिमणीच्या विटांवर पडल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "मग ठरलं ना? लालबाग कळवतो तुझ्या बाबांना."

"नको."

"का? आवडलं होतं ना?"

"आवडला. पण आम्ही लालबागाक ऱ्हवणव नाय." मग माझ्याकडे वळून, हळू, पण तुम्ही बोलता तसं एकेक शब्द सुटा करून, "बाबांनी देवाक लालबाग सांगल्यानी, तर राखणदार लालबागाक येतलो. दारादारार विचारीत फिरतलो, मनवा खंय, मनवा खंय. आणि मी हय करी रोडाक. मगे माका सांभाळतलो कोण? ती मसालेवाली?"

मामा, मी गोव्यात हॉटेलात गोऱ्या साहेबांशी बोललो, ट्रकवर क्लीनर असताना पोलिसांशी बोललो, मला कधी शब्द कमी पडले नाहीत. पुलावर दोनच शब्द निघाले. ही एवढीशी पोर, एका दिवसात एवढी मुंबई बघून आली, सगळीकडे हसली, सगळ्यांना आपलंसं केलं, आणि शेवटी देवाला खोटा पत्ता द्यायचा नाही म्हणून अडून बसली. बाप कोण ते विचारायला नको.

मी म्हटलं, "आणि करी?"

"करी तर करी. करीच्या दिवसाक काय सूर्य उगवना नाय?"

म्हणून वर करी रोड लिहिलंय. तिच्या सांगण्यावरून. जत्रा एक तारखेला. तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, गोड नाव शोधून देत नाही. आहे तो पत्ता हा. तुम्हाला देवासमोर उच्चारता येत नसेल तर तेही समजू शकतो, तुमची इतक्या वर्षांची रीत आहे. पण मग ती सुटलेली राहील, मामा. माझ्यासारखी. ते मला बघवणार नाही.

शिवा

करी रोड, मुंबई
२ डिसेंबर

मामा,

काल रामूने फोन लावून तुमच्यामागे खांबाशी धरला होता. तुम्हाला न विचारता. त्याला ओरडू नका, मीच गळ घातली होती.

आम्ही फोन स्टीलच्या पेल्यात उभा केला, त्यात आवाज मोठा येतो. मनवा सकाळपासून उपाशी. तिने शेजारणींनाही सांगितलं होतं, आज तासभर कोणी हाक मारू नका. अख्खा माळा गप्प होता. ह्या चाळीत एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

तुमचा आवाज आला आणि तिने माझं मनगट धरलं. गाव झाला, वाड्या झाल्या, मग चाकरमानी. गिरगावात कोण, परळाक कोण, भांडुपाक कोण, तुम्ही एकेक घर घेत गेलात, लोक "व्हय म्हाराजा" म्हणत गेले. डोंबिवली झाली, विरार झालं. विरारच्या पुढे तुमच्या यादीत काही राहत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग तुम्ही थांबलात. खोकलात. कोणीतरी पाणी देऊ का विचारलं ते पण इथे ऐकू आलं. मनवाची नखं माझ्या मनगटात रुतली, खुणा अजून आहेत.

आणि मग तुम्ही बोललात, "आणि माझो जावय जंय आसात, थंय माझा चेडू आसा. थंय फेरी घाल, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

 मग एवढ्या जोरात "व्हय म्हाराजा" आलं की पेला थरथरला.

मनवा रडत होती आणि हसत होती. "करी चुकवल्यानी! बघलंस? बाबांनी करी चुकवल्यानी!" मग पोटभर जेवली. दुपारी खाली नळावर कोणीतरी विचारलं, कुठे राहतेस, तर बोलली, "ह्या काय, वर आमचा घर."

मी मात्र तुमच्या वाक्यावर अजून विचार करतोय. काय डाव टाकलात मामा. तुम्ही करी रोडचं नाव घेतलं असतंत तर मी मोकळा होतो. मनवा करी रोडला, राखणदार करी रोडला, शिवा कुठे का फिरेना. तुम्ही जागाच सांगितली नाहीत. मला सांगितलंत, मी जिथे तिथे तुमची लेक आणि तिथेच राखणदार. आणि जावई म्हणून सांगितलंत, अख्ख्या गावासमोर. आजपर्यंत मी तुमच्या घरात "तो" होतो, रागात असलात तर "तो फिरस्तो".

एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती. मनवालाही सांगितली नव्हती. मुंद्रा बंदरावर आमच्या शेठची नवी वखार होतेय, गुजरातेत, अजून वर. मुकादम महिनाभर मागे लागलाय, सहा महिने चल, पगार जास्त, राहायची सोय. पिशवी भरायला मला किती वेळ लागतो तुम्हाला माहीत आहे.

आज सकाळी त्याने शेवटचं विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं.

म्हटलं, "सासऱ्यांनी देवाला माझा पत्ता दिलाय. मी हललो तर देव चुकेल."

मुकादम साताऱ्याचा. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "लग्न झालेली पोरं लई कारणं सांगतात रे. हे नवीन आहे." मग ॲलॉयशियस अंकलकडे बघून विचारलं, "हा काय बोलतोय?"

अंकलनी करवतीवरून मान वर केली नाही. म्हणाले, "नाय जात बोलतोय."

तुमचा जावई,
शिवा